ऑनलाइन लिलावात विकलेल्या मालाचे हातात किती पडतात? सोलापूरच्या छोट्या विक्रेत्यांसाठी हिशेबाची सविस्तर पद्धत

फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरच्या बाजार समितीत 512 किलो कांदा विकणाऱ्या बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या हाती सगळी वजावट होऊन 2 रुपये 49 पैसे उरले आणि त्याला मिळालेल्या दोन रुपयांच्या धनादेशाची चर्चा राज्यभर झाली. हा प्रसंग दुःखद होता, पण त्यातील एक गोष्ट ऑनलाइन माल विकणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात घ्यावी अशी आहे. शेतकऱ्याच्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावतीवर, भाव, वजन आणि एकूण वजावट एकाच कागदावर असते, त्यामुळे नुकसान झाले तरी ते त्याच दिवशी कळते. ऑनलाइन विक्रेत्याची पट्टी तुकड्यातुकड्यांनी येते: कमिशन आज कापले जाते, कुरिअरच्या वजनाचा फरक पंधरा दिवसांनी लागतो, जाहिरातीचे बिल महिनाअखेरीस येते आणि परत आलेल्या मालाचा भुर्दंड त्याही नंतर. तोपर्यंत विक्री जोरात चालू आहे असेच वाटत राहते.

लिलावाच्या आणि खुल्या विक्रीच्या अनेक संकेतस्थळांचे दर गेल्या काही वर्षांत वाढत गेले आहेत आणि ते पुढेही वाढतील असे धरूनच चालावे. दर कमी करणे आपल्या हातात नाही. मात्र प्रत्येक नगामागे हातात काय पडते हे विक्रीपूर्वी काढणे, त्यावरून सर्वांत खालची किंमत ठरवणे आणि कोणता माल लिलावात लावायचा व कोणता नाही हे निवडणे पूर्णपणे आपल्या हातात आहे. अशोक चौक, नवी पेठ किंवा पूर्व भागातून चादरी, टॉवेल, शेंगा चटणी किंवा संग्रहातील जुन्या वस्तू विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना समोर ठेवून ही पद्धत येथे क्रमाने मांडली आहे.

दर कसे वाढले, ते आधी समजून घ्या

ईबे हे लिलावाचे संकेतस्थळ पिअर ओमिड्यार यांनी 1995 मध्ये अमेरिकेत 'ऑक्शनवेब' या नावाने सुरू केले. सुरुवातीला ते विनामूल्य होते. 1996 मध्ये, संकेतस्थळ चालवण्याचा मासिक खर्च वाढल्यावर, विक्री झालेल्या वस्तूवर शुल्क सुरू झाले, आणि ते 25 डॉलरपर्यंतच्या वस्तूंवर 5 टक्के व त्यापुढे अडीच टक्के होते. आज त्याच अमेरिकी संकेतस्थळावर, वर्गणी भरून स्वतःचे 'स्टोअर' न घेतलेल्या विक्रेत्याला, फेब्रुवारी 2025 पासून बहुतेक वर्गांत 13.6 टक्के अंतिम विक्री शुल्क आणि त्यावर प्रत्येक ऑर्डरमागे ठरावीक रक्कम द्यावी लागते. त्याआधी हा दर 13.25 टक्के होता.

टक्केवारीपेक्षाही महत्त्वाचा बदल आकारणी कशावर होते यात झाला. पूर्वी शुल्क केवळ वस्तूच्या बोलीवर लागत असे. 2011 मध्ये ते पाठवणीच्या खर्चावरही लागू झाले आणि पुढे, पैसे स्वीकारण्याचे काम पेपाल या ऑनलाइन पैशांची देवघेव करणाऱ्या कंपनीकडून काढून संकेतस्थळाने स्वतःकडे घेतल्यावर, ग्राहकाने भरलेल्या विक्रीकरासह संपूर्ण रकमेवर त्याची आकारणी होऊ लागली. 2008 मध्ये यादीशुल्क कमी करून विक्रीशुल्क वाढवले गेले, तेव्हा विक्रेत्यांनी फेब्रुवारी महिन्यात आठवडाभराचा बहिष्कार पुकारला होता. एका दाराने दिलेली सवलत दुसऱ्या दाराने वसूल होते हे तेव्हाच दिसून आले होते, आणि आजचे कोणतेही दरपत्रक वाचताना तीच नजर ठेवावी असे माझे स्पष्ट मत आहे.

भारतातील वाचकांसाठी येथे एक खुलासा आवश्यक आहे. ईबेने 2004 मध्ये 'बाझी डॉट कॉम' विकत घेऊन भारतात पाय रोवले, 2017 मध्ये आपला भारतीय व्यवसाय फ्लिपकार्टकडे सोपवला आणि ईबे डॉट इन हे जुने संकेतस्थळ 14 ऑगस्ट 2018 रोजी बंद झाले. त्यामुळे सोलापूरच्या विक्रेत्यासाठी ईबे हे आता मुख्यतः परदेशी ग्राहकांपर्यंत पोहोचण्याचे साधन आहे, तर देशांतर्गत विक्री ठरावीक किमतीच्या बाजारपेठांवर होते. वर दिलेले दर अमेरिकी विक्रेत्यांचे आहेत. भारतातून नोंदणी केलेल्यांनी स्वतःच्या खात्यात दिसणारे दरपत्रकच प्रमाण मानावे. हिशेबाची रीत दोन्हीकडे सारखीच राहते.

पहिली पायरी: माल लिलावाचा आहे का, ते ठरवा

ईबेसारख्या लिलावात ग्राहक आपली कमाल रक्कम आधीच नोंदवून ठेवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. याचा अर्थ असा की अंतिम किंमत सर्वांत उत्सुक ग्राहक ठरवत नाही, दुसऱ्या क्रमांकाचा ग्राहक ठरवतो. एखाद्याची पाच हजार देण्याची तयारी असली आणि दुसऱ्याची तयारी आठशेपर्यंतच असली, तर वस्तू आठशेच्या थोडी वर विकली जाते. आणि बोली लावणारा एकच असेल तर आपण ठेवलेल्या सुरुवातीच्या किमतीलाच ती जाते.

म्हणून लिलाव त्याच वस्तूसाठी योग्य आहे जिची बाजारातील किंमत निश्चित नाही, जी सहज मिळत नाही आणि जिच्यासाठी किमान दोन खरे शौकीन एकाच आठवड्यात समोर येण्याची शक्यता आहे. जुनी टपाल तिकिटे, बंद पडलेल्या कापडगिरण्यांची छापील लेबले आणि पितळी बिल्ले, जुने कॅमेरे, चावीची घड्याळे, ग्रामोफोनच्या तबकड्या हा लिलावाचा माल आहे. सोलापुरी चादर, टर्किश टॉवेल किंवा गणवेशाचे कापड हा लिलावाचा माल नव्हे, कारण त्याच प्रतीची चादर शेजारच्या दुकानात कोणत्या भावाने मिळते हे ग्राहक दोन मिनिटांत पाहतो आणि त्यावर बोली चढत नाही. असा माल ठरावीक किमतीनेच विकावा.

जुन्या वस्तूंबाबत कायद्याची एक मर्यादा येथेच सांगणे भाग आहे, कारण ती ओलांडल्यास शुल्काचा प्रश्न गौण ठरतो. पुरावशेष व कलावस्तू अधिनियम, 1972 नुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी नाणी, मूर्ती, चित्रे व कारागिरीच्या वस्तू, तसेच पंच्याहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते ही पुरावशेष ठरतात. त्यांची निर्यात केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेली संस्थाच करू शकते, आणि देशातही त्यांच्या विक्रीचा व्यवसाय करण्यासाठी परवाना लागतो. आजोबांच्या पेटीत सापडलेला व्हिक्टोरिया राणीचा रुपया परदेशी ग्राहकाला टपालाने पाठवणे हा गुन्हा आहे, मग त्यावर बोली कितीही लागलेली असो. याच्याच जोडीला, जुन्या नाण्यांचे व नोटांचे लाखो रुपये देतो असे सांगून आधी शुल्क, कमिशन किंवा कर मागणारे लोक रिझर्व्ह बँकेचे नाव वापरत असल्याचा इशारा बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीरपणे दिला होता. माल विकण्यासाठी विक्रेत्यानेच आधी पैसे भरावेत, अशी मागणी कोणी केली की तेथेच संवाद थांबवावा.

दुसरी पायरी: वजावटीचे सगळे थर एका कागदावर उतरवा

दरपत्रकाच्या पहिल्या ओळीत ठळकपणे लिहिलेली टक्केवारी हा एक थर झाला. त्याखाली आणखी बरेच असतात, आणि त्यांची नावे संकेतस्थळागणिक बदलतात. वस्तू यादीत टाकण्याचे शुल्क हे माल विकला गेला नाही तरी द्यावे लागू शकते. अमेरिकी ईबेवर महिन्याला 250 याद्या विनामूल्य आहेत, पण न विकलेली वस्तू पुन्हापुन्हा लावली की ती मर्यादाही संपत जाते. लिलावासाठी राखीव किमतीची, म्हणजे ठरावीक रकमेखाली वस्तू न विकण्याची, सोय घेतल्यास त्याचे वेगळे शुल्क असते. भारतीय बाजारपेठांवर साधारणपणे वर्गानुसार कमिशन, प्रत्येक ऑर्डरमागे ठरावीक शुल्क आणि वजनानुसार वाहतूक असे तीन भाग असतात. त्यावर जाहिरात येते, आणि ती ऐच्छिक असल्याचे सांगितले जात असले तरी तिच्याविना माल शोधात मागे पडतो हा अनुभव सार्वत्रिक आहे. परदेशी विक्रीत चलनबदलाचा फरक राहतो, आणि तो 'शुल्क' या नावाने कधीच दिसत नाही, कारण डॉलरचा जाहीर दर आणि आपल्या खात्यात जमा झालेला दर यांमध्येच तो दडलेला असतो.

आकारणी कशावर होते याचा परिणाम किती मोठा असतो, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एक वस्तू 30 डॉलरला विकली गेली, पाठवणीचे 20 डॉलर ग्राहकाकडून घेतले आणि त्याच्या राज्याचा विक्रीकर 4 डॉलर लागला. शुल्क 54 डॉलरवर लागेल. 13.6 टक्क्यांनी ते 7.34 डॉलर होते आणि दहा डॉलरवरील ऑर्डरचे ठरावीक 40 सेंट मिळवले की 7.74 डॉलर. विक्रेत्याचा खरा माल मात्र 30 डॉलरचाच आहे, म्हणजे त्याच्या दृष्टीने वजावट सुमारे 26 टक्के झाली. पाठवणीचे 20 डॉलर टपाल किंवा कुरिअर घेऊन जाते आणि कराचे 4 डॉलर तर त्याच्या हातातही येत नाहीत, तरी दोन्हींवरचे शुल्क त्यालाच सोसावे लागते. माल स्वस्त आणि जड असेल तितका हा फरक वाढतो. सोलापूरचा माल नेमका तसाच असल्याने हा मुद्दा आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे.

तिसरी पायरी: कराचा भाग स्वतंत्र करा

संकेतस्थळ आपल्याकडून जे कमिशन, ठरावीक शुल्क, वाहतूक आणि जाहिरात यांचे पैसे घेते, त्या सर्वांवर 18 टक्के जीएसटी लागतो. जीएसटीत नियमित नोंदणी असलेल्या विक्रेत्याला हा कर स्वतः भरायच्या जीएसटीतून वळता करून घेता येतो. नोंदणी नसलेल्याला किंवा कंपोझिशन योजनेतील (उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरणाऱ्या) विक्रेत्याला तो घेता येत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी 12 टक्के कमिशन हे प्रत्यक्षात 14.16 टक्के असते.

1 ऑक्टोबर 2023 पासून, वार्षिक उलाढाल मर्यादेच्या आत असलेल्या विनानोंदणी विक्रेत्यांनाही संकेतस्थळावरून माल विकण्याची मुभा मिळाली आहे. मालासाठी महाराष्ट्रात ही मर्यादा 40 लाख रुपये आहे. त्यासाठी जीएसटी पोर्टलवर पॅनच्या आधारे नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि विक्री राज्यांतर्गतच ठेवावी लागते. सोलापूरसाठी ही अट जाचक आहे, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. अडीचशे किलोमीटरवरील पुण्याला चादर पाठवता येते, पण सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या विजयपूरला किंवा जिथे आपले असंख्य नातेसंबंध आहेत त्या हैदराबादला पाठवता येत नाही, कारण मध्ये राज्याची सीमा येते. कर्नाटक व तेलंगणातील ग्राहक महत्त्वाचे असतील तर नोंदणीचा खर्च आणि ठरावीक मुदतीने भरायची विवरणपत्रे हिशेबात धरूनच पुढे जावे.

नोंदणीकृत विक्रेत्याच्या पैशांतून संकेतस्थळ दोन रकमा कापून सरकारकडे भरते. जीएसटी कायद्याखालील टीसीएस (संकेतस्थळाने विक्रीच्या रकमेतून गोळा केलेला कर) 10 जुलै 2024 पासून 1 टक्क्यावरून 0.5 टक्के झाला आणि आयकराचा ई-कॉमर्स टीडीएस 1 ऑक्टोबर 2024 पासून 1 टक्क्यावरून 0.1 टक्का झाला. वैयक्तिक विक्रेत्याची त्या संकेतस्थळावरील वार्षिक विक्री 5 लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेला असेल, तर हा टीडीएस कापला जात नाही. या दोन्ही रकमा खर्च नव्हेत, त्या परत मिळवायच्या असतात. तरीही विवरणपत्रात त्यांचा दावा न करणारे अनेक छोटे विक्रेते आहेत आणि त्यांच्यासाठी तो खर्चच ठरतो. आणखी एक सूचना नोंदणीकृतांसाठी: 22 सप्टेंबर 2025 पासून चादरीसारख्या तयार कापडी वस्तूंवर प्रतिनग 2,500 रुपयांपर्यंत 5 टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी आहे, त्यामुळे 2,600 रुपयांची भेट-पेटी तयार करण्यापूर्वी कर सल्लागाराशी बोलून घ्यावे.

चौथी पायरी: एका नगाचा पूर्ण हिशेब मांडा

आता एक डबल बेडची चादर घेऊ. विक्रेता विनानोंदणी असून राज्यातच विकतो असे धरू. पुढील दर केवळ रीत समजावण्यासाठी धरलेले आहेत, प्रत्येकाने तेथे आपले आकडे घालावेत.

विक्री किंमत 1,200 रुपये
कमिशन 12 टक्के: 144 रुपये
प्रति ऑर्डर ठरावीक शुल्क: 30 रुपये
वाहतूक: 110 रुपये
जाहिरात, विक्रीच्या 5 टक्के: 60 रुपये
या 344 रुपयांवर 18 टक्के जीएसटी: 61.92 रुपये
पॅकिंग: 30 रुपये
परत आलेल्या मालाचा वाटा: 20 रुपये
उरले: 744.08 रुपये
कारखान्यातील खरेदी: 650 रुपये
शिल्लक: 94.08 रुपये

परतीचा आकडा कसा आला ते सांगतो, कारण हा भाग सर्वांत जास्त वेळा विसरला जातो. दहा चादरी पाठवल्या आणि एक परत आली, तिच्या जाण्यायेण्याचा व घडी विस्कटल्याने उतरलेल्या किमतीचा मिळून 180 रुपये भुर्दंड बसला, तर तो उरलेल्या नऊ विकल्या गेलेल्या चादरींवर वाटायचा. म्हणून प्रत्येकी 20 रुपये.

शिल्लक राहिलेल्या 94 रुपयांत घडी घालणाऱ्या मुलाची मजुरी, जागेचे भाडे, विजेचे बिल आणि आपला स्वतःचा वेळ यायचा आहे. आता समजा, संकेतस्थळाने कमिशन 12 वरून 15 टक्के केल्याची सूचना आली. तीन टक्क्यांची वाढ किरकोळ वाटते. 1,200 रुपयांवर ती 36 रुपये होते, त्यावरच्या जीएसटीसह 42.48 रुपये, आणि 94.08 मधून ती गेली की 51.60 रुपये उरतात. विक्री तितकीच, मेहनत तितकीच, आणि शिल्लक मात्र 45 टक्क्यांनी घटली. दरवाढीची सूचना आली की ती विक्री किमतीशी न ताडता नेहमी शिल्लक रकमेशी ताडून पाहावी.

पाचवी पायरी: खालची किंमत उलट्या दिशेने काढा

बहुतेक जण खर्चाची बेरीज करून त्यावर वीस टक्के चढवतात आणि तेथेच फसतात, कारण संकेतस्थळ आपली टक्केवारी खर्चावर घेत नाही, अंतिम विक्री किमतीवर घेते. योग्य रीत अशी आहे. आधी विक्री किमतीवर अवलंबून नसलेले सर्व खर्च एकत्र करावेत: वरील उदाहरणात खरेदी 650, पॅकिंग 30, परतीचा वाटा 20, आणि ठरावीक शुल्क व वाहतूक जीएसटीसह 165.20, म्हणजे एकूण 865.20 रुपये. त्यात हवी असलेली शिल्लक, समजा 100 रुपये, मिळवावी. झाले 965.20. नंतर टक्केवारीचे सर्व भाग एकत्र करावेत: कमिशन 12 आणि जाहिरात 5 मिळून 17 टक्के, जीएसटीसह 20.06 टक्के. हे शंभरातून वजा केले की 79.94 उरतात. आता 965.20 ला 0.7994 ने भागावे. उत्तर सुमारे 1,207 रुपये येते.

याउलट 965.20 वर 20.06 टक्के नुसते चढवले असते तर किंमत सुमारे 1,159 रुपये आली असती आणि त्या किमतीला विकून शंभराऐवजी फक्त 61 रुपये उरले असते. प्रत्येक चादरीमागे 39 रुपये केवळ गुणाकाराच्या ठिकाणी भागाकार न केल्याने जातात. हे सूत्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे किंवा मोबाइलमधील स्प्रेडशीटमध्ये एकदाच बसवून घ्यावे, म्हणजे दर बदलला की केवळ एक आकडा बदलावा लागतो.

लिलावात हीच किंमत सुरुवातीची किंमत म्हणून ठेवावी. एक रुपयापासून लिलाव सुरू केला की गर्दी जमते आणि भाव चढतो, असा सल्ला सर्रास दिला जातो. ज्या वस्तूमागे अनेक संग्राहक आहेत तिच्याबाबत तो खरा ठरू शकतो, पण बोली लावणारा एकच निघाला तर वस्तू जवळजवळ फुकट द्यावी लागते आणि पाठवणीचे पैसे वर जातात. राखीव किमतीचे वेगळे शुल्क भरण्यापेक्षा सुरुवातच खालच्या किमतीपासून करणे मला अधिक सुरक्षित वाटते. भाव वर नेण्यासाठी मित्राच्या किंवा भावाच्या खात्यातून बोली लावणे हे मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये. ती ग्राहकाची फसवणूक आहे आणि त्यासाठी खाते कायमचे बंद होऊ शकते.

सहावी पायरी: वजन आणि आकारमान कमी करा

कमिशनचा दर आपल्याला बदलता येत नाही, पण वाहतुकीचा खर्च बऱ्याच अंशी आपल्याच हातात असतो. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त असेल ते धरतात. आकारमानाचे वजन काढण्यासाठी खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारणपणे 5,000 ने भागतात.

दोन किलोची चादर दुकानातील शोभेच्या पेटीत, आणि ती पेटी वरून दुसऱ्या खोक्यात, अशी पाठवली आणि बाहेरचे माप 45 × 35 × 20 सेंटिमीटर झाले, तर गुणाकार 31,500 येतो आणि वजन 6.3 किलो धरले जाते. तीच चादर घट्ट घडी घालून, हवा काढलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत आणि वरून जाड कुरिअर पाकिटात भरून 40 × 30 × 8 सेंटिमीटरमध्ये बसवली, तर आकारमानाचे वजन 1.92 किलो येते आणि प्रत्यक्षातील दोन किलोचाच दर लागतो. घडीच्या या फरकात एका नगामागे जे वाचते, ते अनेकदा कमिशनच्या संपूर्ण दरवाढीपेक्षा जास्त असते. घडी सगळीकडे सारखी यावी म्हणून लाकडी पाट्याचा साचा करून घ्यावा. चादरीचा रंगीत काठ वर दिसेल अशी शेवटची घडी ठेवली की पाकीट उघडताना ग्राहकाला ती नवीच वाटते आणि परतीचे प्रमाण कमी राहते.

पाकीट बंद केल्यावर ते काट्यावर ठेवून, काट्यावरचा आकडा आणि पाकिटावरचा ऑर्डर क्रमांक एकाच चौकटीत येईल असा फोटो काढावा, आणि मोजपट्टी धरून दुसरा. वजनाच्या फरकाची वसुली लागल्यावर तक्रारीची मुदत थोडी असते आणि त्या वेळी हाच एक पुरावा उपयोगी पडतो.

परदेशी ग्राहक असल्यास

यासाठी विदेश व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात कोड घ्यावा लागतो. त्याचे शुल्क 500 रुपये आहे आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. जीएसटीत निर्यात ही आंतरराज्य विक्रीप्रमाणे धरली जात असल्याने नोंदणी टाळता येत नाही, मात्र हमीपत्र भरून कर न लावता माल पाठवता येतो. टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रे निर्यातीची कागदपत्रे ऑनलाइन भरून घेतात, त्यामुळे छोट्या पार्सलसाठी एजंट गाठण्याची गरज राहत नाही.

अमेरिकेच्या बाबतीत एक मोठा बदल झाला आहे. 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलला आयात शुल्कातून मिळणारी सूट 29 ऑगस्ट 2025 पासून बंद झाली, आणि त्या गोंधळात भारतीय टपाल खात्याला अमेरिकेची पार्सल सेवा काही आठवडे थांबवावी लागली. ती 15 ऑक्टोबर 2025 पासून पुन्हा सुरू झाली. आता लहानशा पार्सलवरही शुल्क लागते. ते कोण भरणार हे वस्तूच्या वर्णनात स्पष्ट लिहावे, कारण दारात पैसे मागितले गेले की ग्राहक पार्सल नाकारतो आणि परतीचा सगळा खर्च विक्रेत्याच्या माथी येतो. मालाची किंमत कमी दाखवण्याची विनंती काही ग्राहक करतात. ती मान्य करू नये.

दरमहा मेळ आणि माल काढून घेण्याचा निर्णय

महिन्यातून एक दिवस बसून तीन कागद समोर ठेवावेत: ऑर्डरची यादी, संकेतस्थळाचे देयक-विवरण आणि बँकेचे खाते. प्रत्येक ऑर्डरपुढे प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम लिहावी आणि ती चौथ्या पायरीत काढलेल्या रकमेशी जुळते का ते पाहावे. फरक सहसा तीन ठिकाणी सापडतो: वजनाची नंतर लागलेली वसुली, परत आलेल्या मालाचे न परतलेले कमिशन, आणि जाहिरात. ईबेच्या जाहिरात योजनेत जाहिरातीवर टिचकी पडल्यापासून 30 दिवसांच्या आत वस्तू विकली गेली तर शुल्क लागू शकते, त्यामुळे चालू महिन्यातील विक्रीवर मागील महिन्यातील टिचकीचे पैसे कापले जाऊ शकतात. दरपत्रकाची प्रतही दर महिन्याला जतन करून ठेवावी. सूचनेचा ईमेल जाहिरातींच्या गर्दीत हरवतो, पण दोन महिन्यांची दरपत्रके शेजारी ठेवली की बदललेली ओळ लगेच दिसते.

मेळ घातल्यावर काही वस्तू तोट्यात असल्याचे निश्चितच आढळेल, आणि त्या बहुधा सर्वांत स्वस्त असतील, कारण प्रति ऑर्डर ठरावीक शुल्क दीडशे रुपयांच्या नॅपकिनलाही तेवढेच लागते. अशा वस्तू सहाच्या किंवा बाराच्या संचात विकाव्यात. संचातही हिशेब बसत नसेल तर त्या संकेतस्थळावरून काढून दुकानात ठेवाव्यात. तोट्याची वस्तू केवळ विक्रीचा क्रम वर राहावा म्हणून चालू ठेवणे छोट्या विक्रेत्याला परवडत नाही.

नेहमीचे ग्राहक मिळवण्यासाठी आपल्या गावाकडे स्वतःची साधने आहेत. जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर येणारे, पंढरपूर आणि अक्कलकोटला जाताना सोलापुरात थांबणारे आणि लग्नाच्या खरेदीसाठी मराठवाड्यातून येणारे लोक दुकानात येतात, चादर हाताळतात आणि निघून जातात. त्यांच्या संमतीने मोबाइल क्रमांक नोंदवून व्हॉट्सॲपवर नव्या नक्षीची छायाचित्रे पाठवली, तर पुढची खरेदी थेट होते. यूपीआयने बँक खात्यातून आलेल्या रकमेवर जानेवारी 2020 पासून व्यापाऱ्याला शुल्क द्यावे लागत नाही, त्यामुळे वाहतूक आणि पॅकिंग एवढाच खर्च उरतो. संकेतस्थळावरून आलेल्या ग्राहकाला मात्र पार्सलमध्ये स्वतःचे कार्ड घालून बाहेर वळवू नये, कारण बहुतेक संकेतस्थळांच्या करारात त्याला मनाई असते. थेट विक्रीचा भाव ठरवताना संकेतस्थळावरच्या 1,207 रुपयांच्या चादरीचा कोणता भाग कमिशन व जाहिरातीचा आहे हे आपल्याला आता माहीत असते. त्यातील निम्मी रक्कम ग्राहकाला सवलत म्हणून द्यावी आणि निम्मी विणकराच्या मजुरीसाठी व स्वतःसाठी राखावी, असे प्रमाण मी सुचवीन.